संकेतस्थळाची दृश्यता : मोजावी कशी, वाढवावी कशी?

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या प्रख्यात फॅशनगृहाने पुरुषांच्या पोशाखांचा सोहळा सादर केला. त्यातील चामडी पादत्राणे पाहताच भारतीय प्रेक्षकांना ती ओळखीची वाटली. त्यांची घडण कोल्हापुरी चपलेची होती. कोल्हापूरचा उल्लेख मात्र कोठेच नव्हता. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. या वादाच्या निमित्ताने 'कोल्हापुरी' हा शब्द देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकला.

अशा वेळी दूरच्या शहरातील एखादा ग्राहक कुतूहलाने भ्रमणध्वनी हाती घेतो आणि शोधयंत्रात तो शब्द लिहितो. त्याच्या पडद्यावर जी आठ-दहा नावे उमटतात, तेवढीच त्याच्या लेखी बाजारपेठ असते. पिढ्यान् पिढ्या चप्पल घडविणाऱ्या कारागिराचे स्वतःचे संकेतस्थळ असूनही ते चौथ्या पानावर असेल, तर संधी दारावरून निघून जाते आणि कारागिराला त्याची चाहूलही लागत नाही. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, अशा अर्थाची म्हण मराठीत आहे. महाजालाच्या बाजारात तिला थोडी पुस्ती जोडावी लागेल : नुसते बोलून भागत नाही, ते ऐकू गेले की नाही हेही तपासावे लागते.

संकेतस्थळ तयार करून घेणे आता अवघड राहिलेले नाही. इंदूरचा फरसाण व्यापारी असो, बडोद्याचा छापखाना असो वा बेळगावचे यंत्रभागांचे दुकान असो, अनेकांनी त्यासाठी पैसे खर्च केले आहेत. काहींनी व्यवसायकर्जातील रक्कमही या कामी लावली आहे. परंतु त्या खर्चाचा परतावा किती, असे विचारल्यास फार थोड्यांना आकड्यांत उत्तर देता येते. दुकानाच्या भाड्याचा हिशेब पैशापैशाने ठेवणारा व्यापारी संकेतस्थळाचा हिशेब मात्र ठेवत नाही. तो कसा ठेवावा आणि त्यातून सुधारणेची दिशा कशी शोधावी, याचा विचार येथे केला आहे.

दृश्यता म्हणजे काय?

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात त्याच्या स्वयंचलित आज्ञावल्या एका पृष्ठावरील दुव्यावरून दुसऱ्या पृष्ठावर जात महाजालाचा फेरफटका मारतात. दुसऱ्या टप्प्यात सापडलेल्या पृष्ठांतील मजकूर वाचून त्याची नोंद एका प्रचंड सूचीत केली जाते. तिसऱ्या टप्प्यात ग्राहकाने शब्द लिहिताच त्या सूचीतून योग्य वाटणारी पृष्ठे निवडून ती क्रमाने मांडली जातात. ज्या पृष्ठाची सूचीत नोंद नाही, ते शोधयंत्रापुरते अस्तित्वातच नसते.

क्रम लावण्याच्या शास्त्राला लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये मोठी कलाटणी दिली. एखाद्या शोधनिबंधाचा दाखला इतर अभ्यासक जितका देतील तितके त्याचे मोल वाढते, हा विद्वानांच्या जगातील संकेत त्यांनी महाजालाला लावला. एका पृष्ठाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे जणू शिफारस. आणि प्रतिष्ठिताची शिफारस अधिक वजनाची. पुढे या गणितात इतर अनेक घटकांची भर पडली. मजकुराचा उपयोग, पृष्ठ उघडण्याचा वेग, भ्रमणध्वनीवरील सुलभता, ग्राहकाचे स्थान अशा गोष्टींचा विचार होऊ लागला. मूळ सूत्र मात्र आजही टिकून आहे : मजकूर नेमका असावा आणि इतरांनी त्याला मान्यता द्यावी.

म्हणून दृश्यता म्हणजे केवळ 'पहिला क्रमांक' नव्हे. योग्य ग्राहकाने, योग्य शब्दांनी शोध घेतला असता योग्य पृष्ठ त्याच्या नजरेस पडणे आणि ते उघडावेसे त्याला वाटणे, ही दृश्यतेची खरी व्याख्या होय.

पहिली तपासणी : नोंद आहे काय?

ही तपासणी कोणालाही दोन मिनिटांत करता येते. गूगलच्या शोधचौकटीत 'साइट' हा शब्द इंग्रजी लिपीत लिहावा, त्यापुढे अपूर्णविरामाचे चिन्ह द्यावे आणि त्याला चिकटून आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. सूचीत नोंद असलेली पृष्ठे साधारणपणे समोर येतात. ती पूर्ण यादी नसते; परंतु एकही पृष्ठ आले नाही, तर काहीतरी गंभीर चुकले आहे असे समजावे.

याचे एक नेहमीचे कारण गमतीचे, पण महागात पडणारे आहे. संकेतस्थळ तयार होत असताना अर्धवट पृष्ठे लोकांना दिसू नयेत, म्हणून तंत्रज्ञ शोधयंत्रांना 'नोंद करू नये' अशी सूचना त्यात घालून ठेवतात. काम पूर्ण झाल्यावर ती काढून टाकण्याचे राहून जाते. दुकानाचे उद्घाटन होते, फलक लागतो, पण 'दुकान बंद आहे' ही पाटी तशीच लटकत राहते.

मोजमापाची साधने

दोन साधने प्रत्येक उद्योजकाने परिचयाची करून घ्यावीत. दोन्ही विनामूल्य आहेत.

पहिले, गूगल सर्च कन्सोल. २०१५ पूर्वी ते 'वेबमास्टर टूल्स' या नावाने ओळखले जाई. संकेतस्थळाची मालकी सिद्ध केल्यावर त्यात मागील सोळा महिन्यांपर्यंतची माहिती पाहता येते. ग्राहक दारापर्यंत येण्यापूर्वी काय घडले, हे ते सांगते. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्रासाठीही असेच साधन उपलब्ध आहे.

दुसरे, गूगल अॅनालिटिक्स. ग्राहक दारातून आत आल्यावर त्याने काय केले, हे या साधनातून कळते. त्याच्या जुन्या आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून नवी माहिती नोंदविणे थांबविले. ज्यांनी त्यानंतर नवी आवृत्ती जोडून घेतली नाही, त्यांच्याकडे तेव्हापासूनच्या भेटींची या साधनातील नोंदच नाही. अशा उद्योजकांनी ही जोडणी तातडीने तपासून घ्यावी.

सर्च कन्सोलमध्ये चार आकडे प्रामुख्याने पाहावे लागतात. 'दर्शने' म्हणजे शोधाच्या निकालांत संकेतस्थळ किती वेळा दाखविले गेले. 'क्लिक' म्हणजे तेथून किती वेळा ते उघडले गेले. 'क्लिकचे प्रमाण' म्हणजे शंभर दर्शनांमागे किती क्लिक. 'सरासरी स्थान' म्हणजे निकालांच्या यादीत ते साधारण कितव्या क्रमांकावर होते. दर्शने म्हणजे रस्त्यावरून जाताना फलकावर नजर टाकण्याची संधी मिळालेले लोक, क्लिक म्हणजे उंबरठा ओलांडणारे लोक, असे म्हणता येईल.

आपल्याच भ्रमणध्वनीवर आपल्याच व्यवसायाचा शोध घेऊन 'आपण पहिले आहोत' असा निष्कर्ष काढणे, ही सर्वांत सामान्य चूक आहे. शोधाचे निकाल स्थानानुसार बदलतात, पूर्वीच्या वापराचाही त्यांवर परिणाम होऊ शकतो. दुकानात बसून घेतलेल्या शोधात दुकान वर दिसणे स्वाभाविकच आहे. चेन्नईतील ग्राहकाला काय दिसते, हे त्यावरून कळत नाही.

आकडे वाचण्याची कला : एक उदाहरण

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. कोल्हापुरातील एका कुटुंबाची चप्पलनिर्मितीची कार्यशाळा आहे. त्यांच्या संकेतस्थळाचा एका महिन्याचा अहवाल असा : दर्शने १२,०००, क्लिक २४०, म्हणजे क्लिकचे प्रमाण २ टक्के. महिनाभरात संकेतस्थळावरून ६ मागण्या आल्या. कुटुंब समाधानी आहे. २४० ग्राहक येऊन गेले आणि सहा जोड विकले गेले, आणखी काय हवे?

आता हेच आकडे थोडे फोडून पाहावेत. लोकांनी कोणते शब्द लिहून शोध घेतला, याची यादी सर्च कन्सोलमध्ये मिळते. अगदी विरळ शब्द गोपनीयतेसाठी त्यात दाखविले जात नाहीत, म्हणून यादीची बेरीज एकूण आकड्याशी तंतोतंत जुळत नाही. पण कल स्पष्ट दिसतो. समजा, या यादीचे दोन गट पाडले. पहिल्या गटात दुकानाचे नाव लिहून घेतलेले शोध : दर्शने ४००, क्लिक १६०, प्रमाण ४० टक्के. दुसऱ्या गटात 'कोल्हापुरी चप्पल', 'चामड्याची चप्पल', 'लग्नासाठी कोल्हापुरी' असे वस्तूचे शब्द लिहून घेतलेले शोध : दर्शने ११,६००, क्लिक केवळ ८०, प्रमाण जेमतेम ०.७ टक्का. या गटातील सरासरी स्थान १८वे, म्हणजे बहुधा दुसऱ्या पानावर.

चित्र पालटले. जे दुकान आधीपासून ओळखत होते, ते आले. जे ओळखत नव्हते, त्यांतले जवळजवळ कोणीच आले नाहीत. मागण्यांच्या नोंदवहीशी ताडून पाहता सहापैकी पाच ग्राहक जुनेच निघाले. संकेतस्थळ नसते, तरी त्यांनी दूरध्वनी करून जोड मागविलाच असता. नवा ग्राहक मिळाला तो एक.

याच ठिकाणी बँकेच्या परिचयाचे समपातळीचे गणित उपयोगी पडते. समजा, संकेतस्थळाचा वार्षिक खर्च २४,००० रुपये, म्हणजे महिन्याला २,००० रुपये आहे आणि एका जोडामागे नफा ४०० रुपये आहे. खर्च भरून निघण्यासाठी महिन्याला ५ नव्या मागण्या हव्यात. येत आहे एक. दर ८० अनोळखी भेटींमागे एक मागणी हे प्रमाण कायम राहिले, तर ४०० भेटी लागतील. पण संकेतस्थळावरील माहिती सुधारून दर ४० भेटींमागे एक मागणी मिळू लागली, तर २०० भेटींतच खर्च निघेल. म्हणजे सुधारणेला दोन दारे आहेत : अधिक लोकांना आत आणणे आणि आलेल्यांना रिकाम्या हाती न जाऊ देणे. दुसरे दार बहुधा स्वस्त पडते, आणि तेच अनेकदा विसरले जाते.

आकड्यांची तुलना करताना हंगामाचे भान ठेवावे. चामड्याच्या चपलेला पावसाळ्यात मागणी घटते, लग्नसराईत वाढते. मे महिन्यात संकेतस्थळात बदल केला आणि जुलैत क्लिक घटले, म्हणून बदलाला दोष देणे योग्य नव्हे. जुलैची तुलना मागील वर्षीच्या जुलैशीच व्हावी.

सुधारणा : ग्राहकाची भाषा

अनेक संकेतस्थळांवर मालकाची भाषा असते, ग्राहकाची नसते. मुखपृष्ठावर 'परंपरा आणि गुणवत्तेचा संगम' असे शीर्षक असते. पण असे शब्द लिहून कोणी चप्पल शोधत नाही. पृष्ठाचे शीर्षक हा शोधाच्या निकालात सर्वांत ठळक दिसणारा भाग आहे. त्यात वस्तू, तिचे वैशिष्ट्य आणि गाव नेमकेपणाने यावे. प्रत्येक पृष्ठाला स्वतंत्र शीर्षक असावे.

ग्राहक कोणते शब्द वापरतो, हे जाणण्यासाठी दुकानातील गल्ल्यावर बसणाऱ्याला विचारावे. 'पायाचे माप कसे घ्यायचे?', 'नवी चप्पल चावते, काय करावे?', 'पावसात भिजली तर?', 'कापशी आणि कुरुंदवाडी यांत फरक काय?' हे प्रश्न तो रोज ऐकत असतो. या प्रत्येक प्रश्नाचे साधे, प्रामाणिक उत्तर म्हणजे संकेतस्थळाचे एकेक उत्तम पृष्ठ होय. चामडे वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले आहे का, शिलाई कशाची, दुरुस्ती होते का, परत करण्याची मुदत किती, याची माहिती कारागिरापेक्षा चांगली कोण देऊ शकेल? कोल्हापुरी चपलेला जून २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे समाविष्ट आहेत. अस्सल मालाची ओळख पटवून देणारे असे तपशील ग्राहकाचा विश्वास वाढवितात.

लिपीचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. एकच ग्राहक कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, कधी तोंडी बोलून शोध घेतो. मराठी, हिंदी आणि इंग्रजी मजकूर शक्यतो स्वतंत्र पृष्ठांवर द्यावा. यंत्राने केलेला अनुवाद न तपासता प्रसिद्ध करू नये. जुन्या संकेतस्थळांबाबत एक गोष्ट आवर्जून तपासावी : मजकूर युनिकोडमध्ये आहे काय? युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट फाँटमध्ये टंकित होत असे. डोळ्यांना देवनागरी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग असे. असा मजकूर कितीही सुंदर असला, तरी मराठी शब्दाच्या शोधात तो येणार नाही. मजकुराचे चित्र करून ते पृष्ठावर चिकटविणे हाही त्याच जातीचा दोष. किंमत, पत्ता, दूरध्वनी हे सर्व मजकूर म्हणूनच लिहावे आणि छायाचित्रांना वर्णनपर पर्यायी मजकूर जोडावा. दृष्टिहीन ग्राहकांनाही त्याचा लाभ होतो.

सुधारणा : वेग आणि सुरक्षितता

गूगल आता पृष्ठाची नोंद मुख्यतः त्याच्या भ्रमणध्वनीवरील रूपावरून करते. मोठ्या पडद्यावर देखणे असणारे संकेतस्थळ हातातल्या लहान पडद्यावर वाचता येत नसेल, तर ते देखणेपण वाया जाते.

वेगासाठी गूगलने तीन निकष सांगितले आहेत. पृष्ठावरील सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा. ग्राहकाने बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा. पृष्ठ उघडताना मजकूर जागेवरून हलू नये. त्यासाठीचा निर्देशांक ०.१ पेक्षा अधिक नसावा. 'पेजस्पीड इनसाइट्स' या विनामूल्य साधनात पत्ता टाकताच हे मोजमाप मिळते. मंद वेगामागे बहुधा कॅमेऱ्यातून काढलेली अवजड छायाचित्रे थेट चढविलेली असतात. ती योग्य आकारात आणली, तरी निम्मे काम होते.

पत्त्याच्या आरंभी सुरक्षित जोडणीचे चिन्ह असलेच पाहिजे. २०१४ पासून गूगलने तिचा क्रमवारीत अल्प प्रमाणात विचार सुरू केला. त्याहून मोठे कारण ग्राहकाचा विश्वास हे आहे. 'हे संकेतस्थळ सुरक्षित नाही' असा इशारा पाहून पैसे भरण्यास कोण पुढे येईल?

संकेतस्थळातील पृष्ठांचा नकाशा सर्च कन्सोलमध्ये सादर करावा, म्हणजे नवी पृष्ठे शोधयंत्राला लवकर कळतात. वस्तूची किंमत, उपलब्धता आणि ग्राहकांचे अभिप्राय यंत्राला समजतील अशा ठरावीक रचनेत मांडण्याची पद्धतही आहे. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी एकत्र येऊन त्यासाठी समान शब्दसंग्रह निश्चित केला. हे काम संकेतस्थळ सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाकडून करून घ्यावे.

सुधारणा : परिसर आणि प्रतिष्ठा

ज्यांचा ग्राहक प्रत्यक्ष दुकानात येतो, त्यांनी गूगल बिझनेस प्रोफाइलवरील नोंद प्रथम पूर्ण करावी. स्थानिक निकालांत तीन गोष्टींना महत्त्व असते : शोधाशी सुसंगतता, ग्राहकापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. अंतर आपल्या हाती नाही. उरलेल्या दोन आहेत. व्यवसायाचा प्रकार अचूक निवडावा. नाव, पत्ता आणि दूरध्वनी सर्वत्र एकसारखे लिहावेत. गणेशोत्सव, दिवाळी अशा दिवसांतील वेळा बदलाव्यात. उघडे असल्याचे वाचून आलेल्या ग्राहकाला कुलूप दिसले, तर तो पुन्हा येत नाही.

समाधानी ग्राहकाला अभिप्राय लिहिण्याची विनंती जरूर करावी. मात्र पैसे वा सवलत देऊन अभिप्राय मिळवू नयेत, ते नियमबाह्य आहे. प्रतिकूल अभिप्रायाला शांतपणे, मुद्देसूद उत्तर द्यावे. ते उत्तर तक्रारदारापेक्षा पुढचे शंभर ग्राहक अधिक लक्षपूर्वक वाचतात.

दुव्यांबाबतही हेच तत्त्व लागू पडते. व्यापारी संघटना, प्रदर्शनांचे आयोजक, माल विकणारे वितरक, कलेवर लिहिणारी नियतकालिके यांच्याकडून स्वाभाविकपणे मिळालेला दुवा मोलाचा. पैसे देऊन शेकडो दुवे विकत घेण्याची प्रथा एकेकाळी बोकाळली होती. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल अमलात आणला आणि अशा मार्गाने वर चढलेली अनेक संकेतस्थळे एकाएकी खाली घसरली. उसनवारीची पत फार काळ टिकत नाही, हे व्यवहारातील सत्य येथेही खरे ठरले.

जाहिरात हा स्वतंत्र मार्ग आहे. पैसे भरून निकालांत जागा मिळते, पण पैसे थांबताच ती जाते. जाहिरात दिल्याने नैसर्गिक क्रमही वाढत नाही. हंगामी विक्रीसाठी जाहिरात आणि कायमच्या पायासाठी संकेतस्थळाची सुधारणा, अशी विभागणी विवेकाची ठरते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे नवे वळण

ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगलच्या निकालांच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दिसू लागला. ग्राहकाला उत्तर तेथेच मिळाले, तर तो खालचे दुवे उघडेलच असे नाही. त्यामुळे दर्शने टिकून असताना क्लिक घटणे शक्य आहे. अशा वेळी केवळ भेटींच्या संख्येवर दृष्टी ठेवून भागणार नाही. मागण्या, दूरध्वनी आणि प्रत्यक्ष चौकश्या मोजाव्या लागतील. 'आमच्याविषयी कोठे कळले?' हा प्रश्न प्रत्येक नव्या ग्राहकाला विचारून उत्तर वहीत लिहून ठेवावे. कोणत्याही यंत्रणेइतकीच ही जुनी रीत आजही उपयोगी आहे. सर्वत्र सापडणारी सामान्य माहिती यंत्र स्वतः सांगू शकते. स्वानुभवातून आलेला तपशील मात्र त्यालाही कोठून तरी घ्यावाच लागतो.

सावधगिरी

'तीस दिवसांत पहिला क्रमांक, हमखास' असे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहावे. असा क्रमांक कोणीही हमखास देऊ शकत नाही, असे गूगलच सांगते. काम सोपविताना पुढील गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात.

१. संकेतस्थळाच्या पत्त्याची नोंदणी उद्योजकाच्याच नावे असावी, तंत्रज्ञाच्या नव्हे.
२. सर्च कन्सोल, अॅनालिटिक्स आणि बिझनेस प्रोफाइल यांची मूळ मालकी स्वतःकडे ठेवावी. इतरांना मर्यादित प्रवेश द्यावा. परवलीचा शब्द कोणासही सांगू नये.
३. दरमहा काय काम केले, कोणत्या शब्दांचे स्थान किती बदलले आणि मागण्यांत काय फरक पडला, याचा अहवाल घ्यावा.
४. पत्ता आणि जागा यांच्या नूतनीकरणाच्या तारखा विमा हप्त्याप्रमाणेच नोंदवून ठेवाव्यात.

फुकटच्या जागेवर विसंबण्याचा धोकाही ध्यानात घ्यावा. बिझनेस प्रोफाइलच्या आधारे गूगल जी साधी संकेतस्थळे विनामूल्य देत असे, ती मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. ज्यांचा स्वतःचा पत्ता होता, त्यांचे दार उघडे राहिले.

दृश्यतेची दुसरी बाजू प्रत्येक खातेदाराने जाणावी अशी आहे. जे वर दिसते ते खरेच असते, असे नाही. फसवणूक करणाऱ्या टोळ्या बँकांचे बनावट ग्राहकसेवा क्रमांक महाजालावर पसरवितात आणि घाईत असलेला खातेदार शोधात दिसलेला पहिला क्रमांक फिरवितो. बँकेचा क्रमांक पासबुक, कार्डाची मागील बाजू किंवा बँकेचे अधिकृत संकेतस्थळ येथूनच घ्यावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या राखीव नामक्षेत्रात नेण्यास सांगितले होते. पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय त्यामुळे उपयुक्त ठरेल. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेकडे तक्रार नोंदवावी.

सहा महिन्यांचा कार्यक्रम

पहिल्या आठवड्यात मालकी, नोंद आणि दोन्ही साधनांची जोडणी तपासावी. पहिल्या महिन्याचे आकडे काहीही न बदलता लिहून ठेवावेत. तीच पुढील तुलनेची पायरी. दुसऱ्या महिन्यात वेग आणि भ्रमणध्वनीवरील रूप सुधारावे. तिसऱ्या महिन्यापासून दर पंधरवड्यास ग्राहकाच्या एका प्रश्नाचे उत्तर देणारे एक पृष्ठ जोडावे. आठव्या ते विसाव्या स्थानावर असलेल्या शब्दांकडे प्रथम लक्ष द्यावे, कारण पहिल्या पानाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना थोड्या प्रयत्नानेही पुढे सरकता येते. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची तारीख नोंदवावी. अन्यथा कशामुळे काय झाले हे समजत नाही. परिणाम दिसण्यास काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात, हे आरंभीच मनाशी धरावे.

शाखेतील अधिकाऱ्यांनाही या विषयाची तोंडओळख असणे हितावह आहे. लघुउद्योगाच्या कर्जप्रस्तावात संकेतस्थळाचा खर्च दाखविला असेल, तर तीन साधे प्रश्न विचारता येतील : पत्ता कोणाच्या नावे आहे? मागील महिन्यात किती अनोळखी ग्राहक आले? त्यांतून मागण्या किती आल्या? ज्याच्यापाशी उत्तरे आहेत, त्याचा प्रस्ताव आपोआपच भक्कम ठरतो. ज्याच्यापाशी नाहीत, त्याला ती शोधण्याची दिशा दाखविणे हीसुद्धा ग्राहकसेवाच होय.

उदाहरणातील कार्यशाळेकडे शेवटी पुन्हा पाहता येईल. तिच्या मालाची गुणवत्ता अहवाल वाचण्यापूर्वी जेवढी होती, तेवढीच नंतरही आहे. बदलले ते एवढेच की, '२४० भेटी' या सुखावणाऱ्या आकड्याआड दडलेले '८०' दिसू लागले आणि पाच नव्या मागण्यांचे लक्ष्य हाती आले. कारागिराच्या हाताला चामड्याची पारख असते, तशीच नजरेला आकड्यांची पारख आली, तर दूरच्या शहरातील तो अनोळखी ग्राहक पुढच्या वेळी दारावरून निघून जाणार नाही.